मेळाव्याच्या फॉर्मात शेती ‘इतर’ मध्ये येते: आपल्या समाज मंडळांना आणि गावकऱ्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

वधू-वर परिचय मेळावे भरवणारी आपली जितकी समाज मंडळं आहेत त्या सगळ्यांना, त्यातल्या अध्यक्ष-सचिव भाऊंना, स्टेजवर माइक सांभाळणाऱ्यांना, आणि माझ्या माहेरच्या गावातल्या माणसांना हे पत्र लिहून राहिली आहे. समाजाचं नाव मुद्दाम टाकत नाही, गावाचंही नाही, कारण हे आता एका समाजाचं राहिलंच नाही. वऱ्हाडातल्या कोणत्याही गावात संध्याकाळी हनुमानाच्या पारावर जाऊन पाहा, तीस-पस्तीस ओलांडलेले बिनलग्नाचे दहा-पंधरा पोट्टे बसलेले दिसतील, ज्यांच्या लग्नाचं घरचे सोडून कोणी विचारत नाही, आणि विचारलं तर चिडवायलाच विचारतात. माझा भाऊ त्यातला एक. छत्तीस पूर्ण झाले त्याला. त्याला विचारूनच हे लिहिते आहे. तो म्हणाला, "लिही ताई, पण नाव नको टाकू, अन् मले बिचारा नको करू."

तर आधी मेळाव्याचं सांगते. २०२४ मध्ये तुळशीचं लग्न झाल्यावर मी त्याला एका मेळाव्याला घेऊन गेली. तो येत नव्हता, मीच आईची शपथ घातली. पाचशे रुपये फी, दोन फोटो, आणि एक फॉर्म. फॉर्ममध्ये व्यवसाय म्हणून रकाना होता, त्याच्यापुढे चार चौकोन: शासकीय नोकरी, खाजगी नोकरी, व्यापार, इतर. शेती नाही. ज्या हॉलमध्ये बसलेल्या शंभरातल्या नव्वद माणसांचा बाप शेतकरी होता किंवा आहे, त्या हॉलमधल्या फॉर्मात शेतीला चौकोन नाही. तो पेन हातात धरून कितीतरी वेळ तसाच बसला, मग ‘इतर’ वर टिक केली. त्याच्या खाली वार्षिक उत्पन्न. त्यानं माझ्याकडे पाहून विचारलं, "ताई, कोणत्या वर्षाचं लिहू?" मला उत्तर देता आलं नाही. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि याचं सोयाबीन गेलं होतं चार हजाराच्याही खाली, ओल लागली म्हणून कापून घेतले ते वेगळे. त्याच्या आधीच्या वर्षी कापसानं बरं दिलं होतं. मग कोणतं खरं उत्पन्न लिहायचं, तुम्हीच सांगा.

मग नंबर आला. स्टेजवर गेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, माइक हातात. नाव सांगितलं, शिक्षण बी.ए., पाच एकर शेती, त्यातली तीन ओलिताची, घरी आई, दोन बैलं, विहीर आहे. माइकवाल्या भाऊंनी विचारलं, "नोकरी?" हा म्हणाला, "शेती करतो." "अन् साइडला काही?" "नाही." "बरं, पुढचे या."

बस, एवढंच. कोणी शिवी दिली नाही, अपमान केला नाही, ते भाऊ पण घाईत असतील, दोनशे मुलं उरकायची होती त्यांना, मी समजू शकते. पण माझा भाऊ स्टेजच्या दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांनी उतरला आणि सरळ बसस्टँडवर निघून गेला. मी जेवणाच्या रांगेत त्याला शोधत राहिली. त्याचं जेवणाचं कूपन माझ्या पर्समध्ये तसंच राहिलं, अजून आहे.

तुम्ही म्हणाल एवढ्याशा गोष्टीवर पत्र काय लिहायचं. पण हे तिथून सुरू झालं नाही ना, म्हणूनच लिहिते आहे. माझे बाबा गेल्यावर घर यानंच सांभाळलं, माझ्या लग्नाचं कर्ज फेडलं, धाकट्याला आयटीआय करवलं, धाकटा चाकणला कंपनीत लागला. कंपनीत लागला म्हणून त्याला स्थळं यायला लागली, मोठ्याला येईनात, शेवटी २०१९ मध्ये आईनं छातीवर दगड ठेवून धाकट्याचं आधी केलं. त्या लग्नात मोठ्यानं काय नाही केलं, मंडपवाला यानंच ठरवला, आलू-वांगे चिरायला पहाटे चारला बाया गोळा केल्या, पंगतीत स्वतः मठ्ठा वाढला. मग स्टेजवर घरच्यांचा फोटो काढायची वेळ आली, हा हात पुसत पुसत वर चढला, तर आमची एक आत्या म्हणाली, "तू थांब रे जरासा, आधी जोड्या जोड्या उभ्या राहू दे." तो थांबला. मग कोणी बोलावलंच नाही. अल्बम उघडून पाहा, ज्यानं लग्न लावून दिलं त्याचा स्टेजवरचा एकही फोटो नाही त्याच्यात. आत्या वाईट बाई नाही हो. तिला कळलंही नसेल. मी तिथंच जोडीनं उभी होती, मलाही नाही कळलं, हे मला आज जास्त लागते.

त्यानंतर तो लग्नांना जायचा बंद झाला. आधी लग्नं, मग भंडारे, मग पार. कारण जिथं जाईल तिथं एकच, "काय बे, बुंदी केव्हा खाऊ घालतो?" घोडनवरा हा शब्द तर दहावीतली पोट्टी पण त्याच्या तोंडावर बोलायला लागली. आणि एक गोष्ट मला खूप उशिरा समजली, ती इथं नीट लिहिते कारण तुमच्याही घरात असं असू शकते. तो रात्री वावरात झोपायला जायला लागला. रोही आणि रानडुकरं पिकात शिरतात, जागल करावीच लागते, त्यामुळे कोणाला काही वाटलंच नाही. जागलीला जातो म्हटलं की कष्टाळू पोरगा. पण जागल करणारा माणूस दिवसा झोपतो, हा दिवसाही झोपत नव्हता. पीक निघून वावर रिकामं झालं तरी हा जागलीलाच. आई म्हणायची दोनपैकी एक भाकर ताटात तशीच राहते, मी फोनवर म्हणायची ऊन आहे, भूक मरते. फोन केला तर बंद, मी म्हणायची वावरात रेंज नसेल. प्रत्येक गोष्टीला आमच्याजवळ शेतीचं एक कारण तयार होतं.

आणि मन दुखते असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. अंग दुखते म्हणतात. तोही तेच म्हणायचा, पाठ दुखते, डोकं जड, छातीत भरून येते. एकानं गॅस म्हणून गोळ्या दिल्या, दुसऱ्यानं ताकदीच्या सलाइन लावल्या, मग कोणीतरी सांगितलं बाहेरचं आहे, अंगारा झाला, मग मंगळ निघाला, त्याची शांती झाली. वर्षभरात वीस हजार तरी गेले असतील. चिडचिड लय वाढली होती, बैलाला कधी काठी न लावणारा माणूस बैलावर ओरडायचा आणि मग कोठ्यात जाऊन त्याच्याच गळ्यात हात टाकून बसायचा, हे आईनं पाहिलेलं आहे.

शेवटी कळलं कोणाला, तर आमच्या गावच्या आशाताईला. चुलतभावाची बायको आहे, म्हणजे आमची वहिनीच. सरकारचा प्रेरणा प्रकल्प म्हणून आहे, शेतकरी आत्महत्या होणाऱ्या जिल्ह्यांसाठी २०१५ मध्ये सुरू झाला, त्यात आशा घरोघर जाऊन प्रश्न विचारतात. तिनं विचारलं, भाऊजी, मागच्या दोन आठवड्यात झोप कशी आहे, भूक कशी, कामात मन लागते का, आपण कोणाच्या कामाचे नाही असं वाटते का. शेवटच्या प्रश्नाला तो म्हणाला, "हो, रोजच वाटते." आई चुलीजवळ बसून ऐकत होती. आई सांगते तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की हा आजार आहे, कारण गॅसवाल्या माणसाला कोणी असे प्रश्न विचारत नाही. मग २०२२ च्या पावसाळ्यात वहिनीनंच त्याला जिल्हा रुग्णालयात नेलं. डॉक्टरनं डिप्रेशन सांगितलं, गोळ्या लगेच काम करत नाहीत, दोन-चार आठवडे धीर धरावा लागते, बरं वाटलं तरी मनानं बंद करायच्या नाहीत, हे तीन-तीनदा सांगितलं. दोन महिन्यांत फरक पडला. पोळ्याला त्यानं बैलांची शिंगं रंगवली, झूल टाकली, मला फोटो पाठवला. मी तो फोटो पाहून किती रडली ते माझं मला माहीत.

आणि आता जे सांगते त्याच्यासाठी हे पत्र आहे.

आम्ही त्या गोळ्या लपवल्या. बियाण्याची रिकामी थैली होती, त्यात घालून माळ्यावर. का, तर कोणी पाहिलं आणि बाहेर फुटलं तर स्थळ येणार नाही. तो आजारी होता त्याचं दुःख आम्हाला होतंच, पण त्याच्याहून मोठी भीती ही होती की लोकांना कळेल. मग २०२३ च्या जानेवारीत एक स्थळ आलं, पाहुणे पाहायला येणार होते. मामा म्हणाले, "महिनाभर गोळ्या बंद ठेव, डोळे जड दिसतात, पोरीच्या बापाले वाटीन पिते का काय." आई काही बोलली नाही. मी फोनवर होती, मी पण हो म्हटलं. शिकलेली, शहरात राहणारी मी, मी हो म्हटलं. पाहुणे आले, पोहे खाल्ले, विहीर पाहिली, आणि चार दिवसांनी फोनवर कळवलं की मुलीला नोकरीवालाच पाहिजे. गोळ्या तोपर्यंत बंदच. मग चना सोंगणीला आला आणि हा उठेना, अकरा दिवस उठला नाही. त्या दिवसांत आईनं फवारणीचं सगळं औषध गोणीत भरून शेजारच्या काकाकडे नेऊन ठेवलं आणि काकांनी एक शब्द न विचारता आपल्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. काका, तुम्ही हे वाचत असाल तर मी तुमच्या पाया पडते.

मंडळी, लग्नाच्या धाकानं उपचार थांबतो, हे मी माझ्या घरात पाहिलं. डॉक्टर होता, औषध सरकारी दवाखान्यात मिळत होतं, आशाताई होती, जायला एसटी होती, सगळं होतं. थांबवलं ते आम्हीच, तुमच्या-माझ्या नजरेला घाबरून. देशभराची मानसिक आरोग्याची पाहणी झाली होती २०१५-१६ मध्ये, बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं केलेली, त्यात निघालं की मानसिक आजार असलेल्या शंभरातल्या सत्तराहून जास्त माणसांपर्यंत उपचारच पोहोचत नाही. आणि लोक बदलत नाहीत असं पण नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यात तीस गावांमध्ये विश्राम नावाचा कार्यक्रम चालला होता, गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर बोलायला पाठवायचे. सुरुवातीला डिप्रेशन असलेल्या शंभरात जेमतेम चार जण उपचाराला जात होते, दीड वर्षात सत्तावीस झाले. माणसं तीच, गावं तीच. कोणीतरी दारात येऊन नीट विचारलं, एवढाच फरक. मग हेच काम मेळाव्याच्या हॉलमध्ये का होऊ नये, जिथं दोनशे-तीनशे असे पोट्टे आणि त्यांच्या आया एका छताखाली तुम्हाला आयत्या मिळतात?

बरं, पोरींना दोष द्यायचा नाही हां, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण या विषयावर कोणी बोललं की दोन मिनिटांत गाडी तिथंच जाते, पोरींच्या अपेक्षा वाढल्या, पोरींना पुणं पाहिजे. एकवीस वर्षांची असताना मीच बाबांना सांगितलं होतं, शेतकरी नको. आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. मी माझ्या आईला पाहत होती ना. चारला उठून पाणी भरायचं, स्वयंपाक, मग निंदण नाहीतर कापूस वेचणी, दोन्ही हाताच्या बोटांना पऱ्हाटीच्या बोंडांनी चिरा पडलेल्या, संध्याकाळी पुन्हा चूल, आणि हातात स्वतःचा रुपया नाही, साडी घ्यायची तरी विचारून. तीस वर्षं त्या वावरात राबली आणि सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं बाबा गेल्यावर, तेही वारस म्हणून. ती जिवंत बायको होती तोपर्यंत नाव नाही, विधवा झाली तेव्हा नाव. हे पाहून कोणती पोरगी हो म्हणेल? माझ्यासारख्या पोरी नाही म्हणाल्या त्या शेतीला नाही म्हणाल्या नाहीत, आईच्या त्या जिण्याला नाही म्हणाल्या.

आणि पोरी आहेत कुठं? राज्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे मुली १९९१ च्या जनगणनेत ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. माझा भाऊ त्या ९४६ वाल्या पिढीतला आहे. ९१३ वाले आता पंचविशी-तिशीत येऊन स्थळं पाहून राहिले, आणि ८९४ वाले तर अजून शाळा-कॉलेजात आहेत. गर्भलिंग तपासणीवर बंदीचा कायदा १९९४ चा, तरी हे आकडे. म्हणजे तुमच्या मेळाव्यात पुढच्या दहा वर्षांत स्टेजसमोरची रांग लांबच होत जाणार आहे, सगळ्यांची लग्नं लागतील असं कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. मग ज्यांची लागणार नाहीत त्या माणसांचं काय करणार आहोत आपण? त्यांना आयुष्यभर ‘जरासा थांब’ म्हणणार?

२०२२ च्या डिसेंबरात सोलापूरला बिनलग्नाच्या पोरांनी मोर्चा काढला होता आठवते का, बाशिंग बांधून, घोड्यावर बसून, कलेक्टर ऑफिसवर. त्याचा व्हिडिओ आमच्या फॅमिली ग्रुपवर आला, खाली पंचवीस-तीस हसण्याचे इमोजी, त्यात माझ्या नवऱ्याचाही एक. त्याच संध्याकाळी माझा भाऊ ग्रुप सोडून गेला. कोणी विचारलं नाही का गेला. मला ते लक्षात आलं आठ दिवसांनी.

अजून एक सांगायचं राहिलं. या सगळ्यात आमच्याच नात्यातले चार जण म्हणाले की एकदा लग्न लावून द्या, सगळं ठीक होते. हे कृपा करून कोणी कोणाला सांगू नका. पोरगी म्हणजे काही गोळी नाही. आजार लपवून लग्न लावलं तर दोघांचंही आयुष्य जाते, तिचं आधी. आणि याच घाईत बाजूच्या गावात एका घरानं दलालाला दोन लाख देऊन सून आणली, ती पंधरा दिवसांत दागिने घेऊन गेली, तो मुलगा आता घराबाहेर निघत नाही.

आता जरा चांगलं सांगते. यंदा संक्रांतीच्या आसपास एका ताईंचं स्थळ कानावर आलं. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, सहा वर्षांची मुलगी, माहेरी राहतात, शिवणकाम करतात. मी बोलली, भाऊ तयार झाला, दोघं माझ्या घरी भेटले. मी चहा ठेवायला आत गेली होती तेव्हा त्यानं स्वतःहून सांगितलं की मी गोळ्या घेतो, तीन वर्षं होत आली, मध्ये बंद केल्या होत्या तेव्हा लय त्रास झाला. मी आतून ऐकत होती, माझ्या हातातला चमचा थांबला. त्या ताई थोडा वेळ गप्प बसल्या आणि विचारलं, "रोज घेता ना?" तो म्हणाला, रोज घेतो. "मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. एवढंच. ज्या गोष्टीसाठी आम्ही थैल्या माळ्यावर लपवल्या, ती गोष्ट एका बाईनं चहा यायच्या आत समजून घेतली.

मोडलं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. त्या म्हणाल्या माझी एकच अट आहे, सातबाऱ्यावर माझं नाव लागलं पाहिजे, एकदा मी मोकळ्या हातानं सासरच्या घरातून निघाली आहे, पोरीला घेऊन दुसऱ्यांदा नाही निघणार. भाऊ हो म्हणाला, आई पण हो म्हणाली. पण मामा आणि मोठे काका उठले, घरात पाय नाही अन् सातबारा मागते, शिवाय पोरगा बिनलग्नाचा, त्याला दुसरेपणाची कशी करायची, लोक काय म्हणतील. आठ दिवस तेच चाललं, आणि त्या ताईंच्या भावानं शेवटी फोन उचलणं बंद केलं. बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावणं ही काही आजची नवी गोष्ट नाही हो. १९९० च्या सुमाराला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती म्हणून गावोगाव हेच केलं होतं, नवऱ्यांनी स्वतः बायकांच्या नावानं जमीन केली, मग १९९२ मध्ये सरकारनंही त्याची योजना काढली. माझे मोठे काका त्या काळात संघटनेचा बिल्ला लावून मोर्चांना जायचे. काका, तुम्हाला मी लहानपणापासून मानते, अजूनही मानते, पण या एका गोष्टीत तुम्ही चुकले, आणि ती चूक अजून दुरुस्त होऊ शकते.

तर मंडळांना माझं मागणं असं आहे. फॉर्मात शेती हा चौकोन पहिल्या नंबरावर टाका, आणि उत्पन्नाऐवजी किती एकर, ओलित किती, कर्ज किती, आणि मुलीचं नाव सातबाऱ्यावर लावायला तयार आहात का, हे विचारा. हा एक प्रश्न छापला तरी अर्ध्या पोरींचे बाप वाचायला थांबतील असं मला वाटते, निदान विचार तर करतील. माइकवर नोकरी विचारता तसं पीक काय घेतो, किती वर्षं करतो, हे विचारा, माणसाला दोन वाक्यं धड बोलू द्या. विधवा आणि घटस्फोटित पोरींची नावं पुस्तिकेच्या मागच्या पानावर वेगळ्या मथळ्याखाली छापता ती सगळ्यांमध्ये छापा, अर्थात त्यांची इच्छा असेल तर, आणि त्या काही उरलेल्या मुलांची सोय करायला बसलेल्या नाहीत हे पण ध्यानात ठेवून. कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, मग सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. आपल्या किती गावांत झाला तो ठराव? आमच्या नाही झाला.

आणि हॉलमध्ये एक टेबल मानसिक आरोग्याचं ठेवा. जिल्हा रुग्णालयात या कामाचं पथक असते, त्यांना मंडळाच्या लेटरहेडवर पत्र द्या, पाठपुरावा करा. नाही आले तर गावची आशाताई बसवा. तेही नाही जमलं तर निदान टेलिमानस या मनाच्या आजारासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापा, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. माझ्या भावानं दोनदा लावला आहे, एकदा तर रात्री दीड वाजता वावरातून. आणि स्टेजवरून एकदा तरी कोणा मोठ्या माणसानं म्हणावं की मनाच्या आजाराच्या गोळ्या घेणं म्हणजे बीपी-शुगरच्या गोळ्या घेण्यासारखंच आहे, पाहुणे येणार म्हणून कोणी बंद करू नका. तुमच्या तोंडून निघालं तर आमच्या मामांना पटेल, माझ्या तोंडून पटत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा आहे, त्यात उपचार हा हक्क सांगितला आहे आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची असंही लिहिलं आहे, पण आमच्याच गावच्या एकानं माझ्या भावाला ओपीडीच्या रांगेत पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

गावकऱ्यांना जास्त काही सांगत नाही. बुंदी केव्हा, हे विचारणं बंद करा. त्याच्याऐवजी जेवला का विचारा, सोयाबीनला काय भाव लागला विचारा, ये बसू म्हणा. पत्रिकेत आईचं नाव टाकता तसं त्याचंही टाका, तो घरचा कर्ता आहे. हळदीला, मांडवाला, फोटोला त्याला हाताला धरून वर घ्या. घोडनवरा म्हणणाऱ्या पोराच्या कानफटात मारू नका, पण त्याला बाजूला घेऊन सांगा. आणि आत्या, पुढच्या महिन्यात तुझ्या नातवाचं साक्षगंध आहे, माझा भाऊ येणार आहे, मी वचन घेतलं आहे त्याच्याकडून, तेवढं पाहशील.

गोळ्यांचं पाकीट आता माळ्यावर नसते. देवळीत असते, रेडिओच्या बाजूला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. रात्री जेवण झालं की आई पाण्याचा गिलास तिथं ठेवते. झोप आता घरातच, जागलीला पाळी लावून घेतली आहे शेजारच्या काकांसोबत, एक दिवस ते, एक दिवस हा. कधी कधी अजूनही दोन-तीन दिवस गप्प होतो, मग मी रोज फोन करते, उचलला नाही तर वहिनीला पाठवते.

यंदाच्या मेळाव्याचा फॉर्म तुमच्या माणसानं घरी आणून दिला होता. तो या पत्रासोबत परत पाठवून राहिली आहे. व्यवसायाच्या चार चौकोनांच्या वर भावानं स्वतःच्या हातानं पाचवा चौकोन काढला आहे आणि त्यात शेती लिहून टिक केली आहे. फी पण सोबत आहे. मेळाव्याच्या आधी तुमची बैठक कधी आहे तेवढं कळवा, मी येते बोलायला, सुट्टी टाकून येते. भाऊ येऊ शकणार नाही, कापूस फुटला आहे आणि वेचायला मजूर मिळून नाही राहिले.

तुमचीच,
माहेर शेतकऱ्याचं असलेली एक लेक